घरचं चिकन सीझर सॅलड: पोटभर आणि कच्च्या अंड्याशिवाय

आज चिकन सीझर सॅलड करायचंय. हे नाव ऐकलं की काही जणांना वाटतं, हे हॉटेलात जाऊन खायचं प्रकरण, घरी कुठलं जमायला. आणि काही जण म्हणतात, पाला खाऊन कुणाचं पोट भरलंय का? दोघांच्याही शंका आज फेडायच्या आहेत. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. मूळ पद्धतीत या सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये जवळजवळ कच्चं अंडं पडतं, आणि आमच्या घरात ते पडत नाही. का पडत नाही आणि त्याच्याशिवाय ड्रेसिंग दाट कसं होतं, यावर मी आज जरा जास्त वेळ घेणार आहे. बाकीचं भराभर सांगते.

आधी थोडं घरचं, म्हणजे हा पदार्थ आमच्याकडे का शिरला ते कळेल. आम्ही जयपूरला आदर्श नगरमध्ये राहतो. मी मूळची रत्नागिरीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि इकडचीच झाले. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांनी आमचा हा भाग आणि शेजारचा राजा पार्क वसवला. त्यामुळे जयपूर शाकाहारी शहर असा जो समज आहे, तो आमच्या गल्लीत शिरला की जरा सैल होतो. चिकन, पाव, चीज सगळं चालत जाऊन आणता येतं.

सासूबाई आमच्याकडेच असतात. वय ७८. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या आजारी पडल्या, तीन आठवडे अंथरुणात होत्या. उठल्या तेव्हा दंडाचं मांस इतकं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत, नाहीतर पायात ताकद येणार नाही आणि पुन्हा पडतील. आता मे महिन्यात जयपूरला पारा ४४ वर असतो. संध्याकाळी सातलासुद्धा भिंती तापलेल्या. त्यात गरम रस्सा-भाकरी पुढे ठेवली की त्या ताट बाजूला सारायच्या. "काहीतरी गार दे गं," एवढंच म्हणायच्या. गार म्हणजे दहीभात, आणि दहीभातात प्रथिनं ती किती असणार!

हिशोब असा आहे. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. म्हातारपणी स्नायू झडतात म्हणून बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. मी आज जे सॅलड सांगतेय, त्याच्या एका पूर्ण वाढणीत साधारण ४० ग्रॅम आहेत. आई अर्धी वाढणी खातात, तरी २० झाली. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी सांगणार.

आता नावाचं. या सॅलडचा ज्युलियस सीझरशी काही संबंध नाही. सीझर कार्दिनी नावाचा इटालियन माणूस मेक्सिकोत तिहुआना या सीमेवरच्या गावात हॉटेल चालवायचा. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे प्यायला अमेरिकन लोक सीमा ओलांडून तिहुआनाला यायचे. घरच्यांनी पुढे सांगितलेली गोष्ट अशी की १९२४ च्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, इतकी गर्दी झाली की स्वयंपाकघरातलं सामान संपत आलं. उरलं होतं ते लेट्यूस, अंडी, तेल, पाव, चीज. त्यातून त्याने गिऱ्हाइकासमोर टेबलावरच हे सॅलड कालवून दिलं. श्रेयावर इतरांनीही दावे केलेत, त्या भांडणात आपण पडायला नको. प्रसिद्ध पाककला लेखिका ज्युलिया चाइल्ड लहानपणी आईवडिलांबरोबर तिथे गेली होती आणि कार्दिनीला दोन अंडी फोडून कालवताना बघितल्याचं तिने लिहून ठेवलंय.

मूळ सॅलडमध्ये चिकन नव्हतं. पानं अख्खी असायची, देठ धरून हाताने खायची. अँकोव्ही नावाचे खारवलेले मासेसुद्धा वेगळे घातलेले नव्हते, माशाची जी काय चव यायची ती वूस्टर सॉसमधून. चिकन पुढे लोकांनी वाढवलं आणि त्यामुळेच ते तोंडीलावण्याचं जेवण झालं. तेव्हा "हे अस्सल नाही" असं कुणी म्हणालं तर खुशाल हसा.

आपल्याला कोशिंबीर नवीन नाही. काकडीची कोशिंबीर आधीच मीठ घालून ठेवली तर काय होतं? पाणी सुटतं, आणि पानात वाढेपर्यंत तिचं सार झालेलं असतं. म्हणून मीठ आणि दही आयत्या वेळी. सीझरचा नियम तोच. सगळं तयार ठेवायचं, कालवायचं मात्र माणसं बसल्यावर. ज्यांना कोशिंबीर जमते त्यांना हे जमतंच.

चार जणांसाठी ६०० ग्रॅम बोनलेस चिकन घ्या. दुकानात "भैया, सीने का पीस, बिना हड्डी" असं सांगितलं की छातीचा भाग देतात. खरं सांगू? मला मांडीचं मांस जास्त आवडतं, ते कोरडं पडत नाही. पण छातीत चरबी कमी आणि पातळ काप छान निघतात, म्हणून या पदार्थाला छातीच घेते. उन्हाळ्यात आणायला सकाळी जा, पिशवीत बर्फाची पाकिटं ठेवा. घरी आणून नळाखाली धुवायचं नाही. हे ऐकून आपल्याकडच्या बायका दचकतात, पण धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट पाण्याचे शिंतोडे उडून सिंक, ओटा, शेजारी ठेवलेली पानं, सगळीकडे पसरतात. रक्त असेल तर कागदाने टिपून घ्या. चिकनची पाटी आणि सुरी वेगळी, पानांची वेगळी. इथे पानं कच्चीच खायची आहेत, म्हणून एवढा आग्रह.

जाड तुकडा आडवा चिरून दोन चकत्या करा, साधारण दीड सेंटीमीटर जाडीच्या. एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असेल तर लाटण्याने हलके ठोकून सारखं करा, नाहीतर जाड टोक शिजेपर्यंत पातळ टोकाचा चामडा होतो. ६०० ग्रॅमला सव्वा चहाचा चमचा मीठ, दोन मोठे चमचे दही, मिरपूड आणि दोन लसूणपाकळ्या वाटून. हे चोळून फ्रीजमध्ये किमान एक तास. रात्रभर ठेवलं तरी चालतं. मीठ आत गेलं की मांसातली प्रथिनं थोडी विरघळतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. दह्यातलं आम्ल वरचा थर मऊ करतं. यात हळद, गरम मसाला, कसुरी मेथी काही घालू नका. मोह होतो, मला माहीत आहे. पण मग ते टिक्का सॅलड होतं. तेही चांगलं लागतं, फक्त ते आजचं नाही.

बिडाचा तवा चांगला तापवा, चमचाभर तेल. चिकनवरचं जास्तीचं दही निपटून टाका, नाहीतर तव्यावर पाणी सुटून ते भाजण्याऐवजी उकडतं. मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर पहिली बाजू चार-पाच मिनिटं, मध्ये हलवायचं नाही. सोनेरी डाग पडले की उलटा, दुसरी बाजू तीन-चार मिनिटं. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं की झालं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात खुपसून बघा. तो घरात नसेल आणि तुम्ही चिकन वारंवार करत असाल, तर मिक्सरच्या चौथ्या भांड्याआधी तो घ्या असं माझं मत आहे. नसेलच तर जाड भाग कापून बघा: गुलाबी झाक नको, रस स्वच्छ हवा. मग ताटलीत काढून पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. लगेच कापलं तर सगळा रस पाटीवर. कापताना मांसाचे धागे कुठल्या दिशेने जातात ते बघून त्यांना आडवं कापा, पातळ. कवळी लावणाऱ्या माणसाला या आडव्या कापण्याने फार फरक पडतो. धागे तोंडात लांब राहत नाहीत, चावायला सोपे जातात.

आता अंडं. कार्दिनीच्या पद्धतीत अंडं उकळत्या पाण्यात जेमतेम एक मिनिट ठेवून फोडायचे. एका मिनिटात कवचाला लागून असलेला पांढरा भाग थोडा धुरकट होतो, बलक कच्चाच राहतो. पुढे बऱ्याच पाककृतींनी ते मिनिटही काढून टाकलं आणि सरळ कच्चा बलक घेतला. अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कवचावर असतात आणि कधीकधी आतसुद्धा, म्हणजे कवच कितीही घासून धुतलं तरी खात्री नाही. तरुण धट्ट्याकट्ट्या माणसाला जुलाब-ताप होऊन चार-पाच दिवसांत सुटका होते. ७८ वर्षांच्या बाईला, गरोदर मुलीला, तान्ह्या बाळाला किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला तेच जंतू रुग्णालयात पोचवू शकतात.

ही माझी एकटीची भीती नाही. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी आणली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस एका वर्षासाठी, तर तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एका वर्षासाठी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची हॉटेलांसाठी जी आदर्श नियमावली आहे, तिच्यात तर सीझर सॅलडचं नाव घेऊनच लिहिलंय की कच्च्या अंड्याऐवजी पाश्चराइज केलेलं अंडं वापरा. तसं अंडं आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. आणि वर जयपूरची गरमी. जंतूंना ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान मानवतं, त्यातही ३०-४० च्या आसपास ते झपाट्याने वाढतात. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघराचं तापमान नेमकं तेच असतं. लाईट गेली की फ्रीजचाही भरवसा नाही.

"लिंबू घातलं की जंतू मरतात" असं पुष्कळ जण सांगतात. चमचा-दोन चमचे लिंबाच्या भरवशावर कच्चं अंडं म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. लिंबू चवीसाठी आहे.

मग अंड्याशिवाय करायचं का? तसं नाही. अंडं हवंच, कारण त्याचं काम फक्त चवीचं नाही. तेल आणि लिंबाचा रस एकत्र फेटा, दोन मिनिटांत वेगळे होतात. बलकात लेसिथिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. फेटल्यावर तेलाचे बारीक थेंब होतात, लेसिथिन प्रत्येक थेंबाभोवती कुंपण घालतं आणि थेंब पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून मेयोनेज दाट होतं. आता गंमत अशी की अंडं पूर्ण उकडलं तरी हे लेसिथिन नाहीसं होत नाही. फ्रेंच लोकांचा ग्रिबीश नावाचा सॉस आहे, तो उकडलेल्या बलकातच तेल घोळवून करतात. उकडलेल्या बलकाची पकड कच्च्यापेक्षा थोडी सैल असते, एवढं खरं. ती सैल पकड घट्ट करायला आपल्याकडे दोन गोष्टी आहेत: मोहरी आणि चक्का.

बाजारात डिजॉन मस्टर्ड मिळतं, ते घ्या हवं तर. पण आपल्या आज्या केळ्याच्या कोशिंबिरीला किंवा लोणच्याला मोहरी फेसायच्या, ती इथे उत्तम चालते. एक मोठा चमचा मोहरी बारीक कुटा, त्यात थोडं थोडं गार पाणी घालत फेसा. कोरड्या मोहरीला झणका नसतो. पाणी लागलं की आतलं एन्झाइम काम सुरू करतं आणि नाकात जातं ते तिखट तयार होतं. म्हणून पाणी गारच हवं, गरम पाण्याने एन्झाइम मरतं. आणि लिंबू लगेच घालायचं नाही, कारण आंबट पडलं की हे काम थांबतं. फेसून दहा मिनिटं ठेवा, मग त्यातली अर्धा चहाचा चमचा ड्रेसिंगला घ्या. आपली काळी मोहरी जहाल असते, जास्त घातली तर बाकीचं काही कळणार नाही. उरलेली लोणच्याला. मोहरीच्या सालात चिकट द्रव्य असतं, तेही तेलाचे थेंब धरून ठेवायला मदत करतं.

दुसरी गोष्ट अँकोव्हीची. इथल्या मोठ्या दुकानात कधी डबी मिळते, कधी नाही. पण तुम्हाला माहीत आहे का, आपली मांदेली अँकोव्हीच्याच कुळातली आहे? मी काही खारवलेली मांदेली जयपूरला आणत नाही. आणते तो सुका जवळा. रत्नागिरीहून येताना तीन पिशव्यांत गुंडाळून, वर घट्ट झाकणाचा डबा, आणि तरीही डब्यातल्या प्रवाशांच्या नजरा चुकवत. जवळा निवडून मंद आचेवर कुरकुरीत भाजायचा, पूड करायची, चहाचा एक चमचा पुरतो. भाजताना खिडक्या लावून घ्या. आमच्या मजल्यावर जैन शेजारी आहेत, त्यांना कशाला त्रास. हा चमचाभर जवळा मासळीसारखा लागत नाही. सुक्या मासळीतली आणि जुन्या चीजमधली अशी दोन वेगवेगळी चवद्रव्यं एकत्र आली की एकमेकांना वाढवतात, आणि जिभेवर जो भरीवपणा जाणवतो तो त्यातून येतो. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी जवळा टाळावा, तो त्याच जातकुळीचा. त्यांनी चमचाभर वूस्टर सॉस घ्यावा. मूळ इंग्लिश सॉसमध्ये अँकोव्ही असते, आणि चिंचही असते बरं का. आपल्याकडे मिळणाऱ्या काही बाटल्यांत मासा नसतो, तेव्हा लेबल वाचून घ्या.

कृती आता पटकन सांगते. दोन अंडी पाणी उकळल्यावर १० ते १२ मिनिटं उकडून गार पाण्यात टाका. बलक वेगळे काढा, पांढरा भाग चिरून बाजूला ठेवा. खलबत्त्यात दोन लसूणपाकळ्या आणि चिमूटभर जाड मीठ घेऊन अगदी गंध होईपर्यंत वाटा. लसणाचा तुकडा दाताखाली आला तर सगळी मजा गेली. हा लसूण एका पसरट वाडग्यात काढून त्यात बलक कुस्करा, गुठळी राहू देऊ नका, हवं तर चाळणीतून घासा. फेसलेली मोहरी, जवळ्याची पूड, दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून एकजीव करा. आता तेल, एकूण चार मोठे चमचे. मी निम्मं ऑलिव्ह आणि निम्मं शेंगदाण्याचं रिफाइंड घेते. नुसतं ऑलिव्ह कडसर वाटतं, विशेषतः मिक्सरमध्ये जोरात फिरवलं तर, म्हणून मी हातानेच फेटते. पहिला चमचा थेंब थेंब घाला आणि सतत फेटत राहा. एकदा मिश्रण दाट आणि चकचकीत दिसायला लागलं की बारीक धारेने बाकीचं. शेवटी १०० ग्रॅम चक्का, दोन मोठे चमचे किसलेलं चीज आणि भरपूर मिरपूड. चक्का श्रीखंडाचा असतो तसा, पण आंबट नको. फार घट्ट झालं तर चमचाभर गार पाणी घाला. पळीवरून सावकाश ओघळेल इतपत हवं. मीठ अगदी शेवटी चाखून घाला, चीज आणि जवळा दोन्ही खारट असतात.

ड्रेसिंग फाटलं, म्हणजे तेल कडेने दिसायला लागलं, तर टाकून देऊ नका. स्वच्छ वाडग्यात एक चमचा चक्का घ्या आणि फाटलेलं मिश्रण त्यात थेंब थेंब घालत फेटा. जमतं.

चीजबद्दल थोडंसं. पार्मेझान लागतं, एकूण ४० ग्रॅम. इटलीचं मूळ पार्मिजानो-रेजानो वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. घरात अंडं खाणारे पण हे न चालणारे लोक असतील, शेजारी वाटी द्यायची असेल, तर पाकिटावर सूक्ष्मजीवजन्य किंवा शाकाहारी रेनेट लिहिलेलं बघून घ्या. असं चीज दुकानात मिळतं. साधी चीजची वडी किसून घालू नका, ती नुसती चिकट होते.

पानं. पाहिजे ते रोमेन लेट्यूस, लांब, मधली शीर कुरकुरीत. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं मिळतं. लाल कोठीच्या मंडईत सकाळी गेलात तर बरं. उन्हाळ्यात मिळालं तरी मलूल असतं. आइसबर्ग कुरकुरीत पण चवीला पाणी. माझा उपाय असा: उन्हाळ्यात दोन भाग आइसबर्ग आणि एक भाग कोबी, कोबी अगदी बारीक, वडापावच्या गाडीवर चिरतात तसा. पालक नको, ड्रेसिंग पडलं की लोळागोळा होतो. चौघांना मिळून ४०० ग्रॅम पानं पुष्कळ झाली.

जयपूरला नळाला बिसलपूर धरणाचं पाणी येतं आणि वाटेत टाक्या, पाइप, गच्चीवरची टाकी असा त्याचा प्रवास असतो. म्हणून पानं आधी नळाखाली एकेक सुटी करून माती जाईपर्यंत धुवा, आणि शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याचं. त्याच पाण्यात बर्फ टाकून पानं १५ मिनिटं बुडवा. मलूल पेशी पाणी ओढून पुन्हा ताठ होतात, पान हाताला कडक लागतं. मग पाणी पूर्ण काढणं आलं, कारण ओल्या पानावर ड्रेसिंग टिकत नाही, खाली ओघळून तळाशी ताक होतं. स्वच्छ सुती पंचात पानं गुंडाळा, चारी टोकं धरा आणि गच्चीत जाऊन गोफणीसारखं गरगरा फिरवा. मुलांना हे काम आवडतं. ज्यांची प्रतिकारशक्ती खूपच कमी आहे, त्यांना कच्चं पान देण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासाठी मी कोबी उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढते, थोडा कुरकुरीतपणा राहतो.

क्रूटॉन म्हणजे पावाचे भाजलेले तुकडे. दोन दिवसांचे शिळे चार पाव, बोटभर तुकडे, दोन चमचे तेलात एक ठेचलेली पाकळी फिरवून काढायची आणि त्या तेलात तुकडे मंद आचेवर १०-१२ मिनिटं परतायचे. घाई केली तर बाहेरून काळे, आतून मऊ. लसणाचं तेल उरलं तर बरणीत भरून ओट्यावर ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणात हवेशिवाय वाढणारे घातक जंतू वाढू शकतात, त्यापेक्षा त्याच दिवशी फोडणीला वापरा. रविवारची उरलेली बाटी कुस्करून घालायचा प्रयोगही मी केलाय. छान लागते, खमंग, पण गार झाल्यावर तिच्यातलं तूप थिजतं आणि टाळूला चिकटतं. पावच बरा.

आता एकत्र करायचं. वाडगा लहान घेऊ नका, सरळ परात घ्या. आधी तीन चमचे ड्रेसिंग परातीत पसरा, त्यात क्रूटॉन टाकून हलवा आणि दोन मिनिटं थांबा. त्यांच्या कडा मऊ होतात, आतला कुरकुरीतपणा राहतो. दातांचा त्रास असलेल्यांना असेच द्या, बाकीच्यांचे निम्मे कोरडे ठेवा. मग पानं, उरलेल्यातलं निम्मं ड्रेसिंग, आणि धुतलेल्या हातांनी अलगद खालून वर. चमच्याने कालवलं की पानं चेंगरतात. प्रत्येक पानाला पातळ लेप बसला की पुरे, हॉटेलातल्यासारखं पांढऱ्या चिखलात बुडवायचं नाही. वर चिकनचे काप, अंड्याचा पांढरा भाग, राहिलेलं चीज, मिरपूड. चिकन कोमट असलं तर सगळ्यात छान. फ्रीजमधलं गार चालतं, फक्त वाफाळतं गरम नको, पानं शिजतात.

वाढलं की खायला बसा. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त असेल तर शिजवलेलं चिकन आणि चक्क्याचं ड्रेसिंग तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. हिवाळ्यात दोन तास चालतात. पाहुणे उशिरा येणार असतील तर सगळं वेगवेगळ्या डब्यांत फ्रीजमध्ये, बेल वाजली की परात काढायची.

कालवलेलं सॅलड उरलं तर ते दुसऱ्या दिवशी खाण्यात अर्थ नाही, म्हणून मी दोन खेपांत कालवते. न कालवलेलं ड्रेसिंग फ्रीजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं, चिकन तीन दिवस. सकाळच्या डब्याला पोळीवर चमचाभर ड्रेसिंग फासायचं, वर चिकन आणि बारीक कोबी, घट्ट गुंडाळी करून कागदात. मुलगा कॉलेजला हीच घेऊन जातो. उन्हाळ्यात तिच्याबरोबर बर्फाचं पाकीट द्या, आणि बर्फ नसेल तर त्या दिवशी बटाट्याची भाजी-पोळी द्या.